लिहून काढलं की डोक्यात बसतं, हे खरं का?

मागच्या अंकात आपण मुलांचा अभ्यास आणि मोबाईल-टॅब याबद्दल प्रश्न मागवले होते, आणि इतके आले की मी दोन दिवस नुसती वाचतच बसले. गंमत म्हणजे हस्ताक्षराबद्दलच्या या अख्ख्या ढिगात हाताने लिहिलेलं पत्र एकच, सांगलीच्या एका आजोबांचं. बाकी सगळे मेल आणि व्हॉट्सअॅप, आणि तीन जणींनी तर सरळ व्हॉइस मेसेजच पाठवलेत. मी स्वतःही ही उत्तरं टाइपच करतेय, त्यामुळे कोणाला नावं ठेवायची सोय नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काही राहिलेत, रागावू नका.

प्रश्न (एक आई, डोंबिवली): मुलगा आठवीत आहे. क्लासवाल्यांनी टॅब दिलाय, त्यात सगळ्या नोट्सच्या पीडीएफ तयारच असतात, वर्गात काही वाटलं तर तो त्यातच टाइप करतो. वहीत लिही म्हटलं की म्हणतो आई कशाला टाइम वेस्ट, सगळं आहे ना यात. मी म्हणते लिहून काढलं की लक्षात राहतं, आम्ही तसंच शिकलो. नवरा म्हणतो हे तुझं जुनं खूळ आहे. कोणाचं बरोबर?

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे पण तुम्ही देताय त्या कारणाने नाही, म्हणून जिंकल्याचे पेढे सध्या अर्धेच वाटा.

२०१४ मध्ये पाम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना टेड टॉक (व्याख्यानांचे छोटे व्हिडिओ) दाखवले, काहींच्या हातात लॅपटॉप (इंटरनेट बंद करून), काहींच्या हातात वही-पेन. नंतर प्रश्न विचारले. सन, नावं, आकडे यात दोन्ही गट साधारण सारखे निघाले, पण हे असं का झालं, या दोन गोष्टींत फरक काय, असं विचारल्यावर लॅपटॉपवाले मागे पडले. मग त्यांच्या नोट्स काढून बघितल्या तर लॅपटॉपवाल्यांनी कितीतरी जास्त शब्द लिहिले होते आणि त्यातले बरेच वक्त्याच्या तोंडचे जसेच्या तसे. टायपिंगचा हात बसलेला असला की कानातून आत आलं ते बोटांतून बाहेर पडतं, मध्ये डोक्यात थांबत नाही. हाताने लिहिणाऱ्याला तेवढा स्पीडच नसतो, त्यामुळे झक मारत त्याला ऐकता ऐकता ठरवावं लागतं की काय घ्यायचं, काय सोडायचं आणि जे घेतलं ते आपल्या चार शब्दांत कसं बसवायचं. दुसऱ्या फेरीत लॅपटॉपवाल्या मुलांना आधीच बजावलं की बाबांनो शब्दन् शब्द उतरवू नका, तरी त्यांनी तेच केलं.

हे एवढंच तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलं असेल. पुढचं सहसा येत नाही. २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या टीमने तोच प्रयोग परत करून बघितला, तर लॅपटॉपवाले जास्त आणि शब्दशः लिहितात हे तसंच दिसलं, पण परीक्षेच्या मार्कांत म्हणावा असा फरक काही सापडला नाही. नंतर बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात हाताने लिहिणारे थोडे पुढे दिसतात. थोडे. म्हणजे वही घेतली की मार्क ढीगभर वाढले असं कोणी सांगत असेल तर तो वह्या विकत असणार.

मला यात खरी गोष्ट वेगळीच दिसते. माझा भाचा आणि भाची दोघं एकाच शाळेत, दोघांचाही पानिपतचा धडा झाला होता, मी सहज दोघांच्या नोट्स मागितल्या. भाच्याच्या टॅबवर सुंदर टाइप केलेला परिच्छेद, "१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे मराठे व अब्दाली यांच्यात घनघोर युद्ध झाले" वगैरे, पुस्तकासारखाच. भाचीच्या वहीचं पान म्हणजे नुसता गोंधळ. मधोमध "पानिपत" लिहून गोल, त्यातून बाण, एका बाणापुढे "रसद तुटली → उपाशी", दुसऱ्यापुढे "बरोबर यात्रेकरू, बायकामुलं, का नेले???" आणि कोपऱ्यात एक तोफ काढलेली, ती बहुतेक बोअर झाल्यावर. मी टॅब आणि वही दोन्ही मिटवून विचारलं की मराठे का हरले, तर भाच्याला तारीख आली आणि भाचीला कारणं आली. आता हा काही प्रयोग नाही, दोनच मुलं, आणि भाची तशी बडबडी आहेच. पण त्या तीन प्रश्नचिन्हांकडे बघून मला कळलं की ही पोरगी धडा चालू असताना जागी होती.

आणि आता तुम्हाला पण एक टोमणा. आपण शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायचो, गाईडमधली उत्तरं फेअर वहीत सुबक अक्षरात काढायचो, मार्जिनला लाल रेघ मारायचो, त्यातलं काय आठवतंय? मी २६ वर्षं शिकवलं, वह्या तपासल्या, "गुळगुळीत वही आणि कोरं डोकं" अशी डझनावारी मुलं बघितली. हाताने केलेली झेरॉक्स ती पण झेरॉक्सच. त्यामुळे मुलाला पीडीएफ वहीत उतरवायला लावलीत तर तो म्हणतो तो टाइम वेस्टच होईल, त्याचं ते बरोबर आहे हो.

त्याच्याकडून एवढंच करून घ्या. क्लासहून आल्यावर खाऊन-पिऊन झालं की टॅब बंद, पुस्तक बंद, एक कोरं पान, दहा मिनिटं, आज काय झालं ते आठवून लिही. अक्षर कसंही, शुद्धलेखन कसंही, चित्र काढ, बाण काढ. मग टॅब उघड आणि काय सुटलं ते दुसऱ्या रंगाने भर. यामागेही प्रयोग आहे, रोडिगर आणि कार्पिके यांचा, २००६ चा. एका गटाने उतारा ४ वेळा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून ३ वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे असतात ना, म्हणून तर मुलांना वाटतं की पीडीएफ चाळली, झाला अभ्यास. पहिले चार दिवस पान अर्धं पण भरणार नाही, तो चिडेल, तुम्ही चिडू नका. आणि नवऱ्याला सांगा, खूळ जुनं आहे पण बरंय.

प्रश्न (एक आजोबा, सांगली): नात पाच वर्षांची, न्यू जर्सीला असते. तिकडे ती टॅबवर बोटाने मराठी अक्षरे गिरवते, अक्षर पूर्ण झाले की तारे मिळतात, तिला ढीगभर तारे मिळाले आहेत. मे महिन्यात इकडे आली तेव्हा मी हौसेने पाटी-पेन्सिल दिली तर 'भ' काढता येईना, 'म' आणि 'भ' यांत गोंधळ. ताऱ्यांचे काय झाले?

उत्तर: आजोबा, आधी तुमच्या अक्षराला नमस्कार. शाईपेनाने लिहिलंय, आणि "नात" शब्दावर एक ठिपका पडून पसरलाय तो मी जपून ठेवणारे.

ताऱ्यांचं असं झालं की ते अॅपने मिळवले, नातीने नाही. ठिपक्यांच्या रेघेवरून बोट फिरवताना जरा बाहेर गेलं तरी बरीच अॅप चालवून घेतात, कुठून सुरू करायचं ते बाण दाखवतो, अक्षर चुकायची सोयच नसते. पाटीवर मात्र काहीच छापलेलं नसतं, तिथे 'भ' डोक्यातून काढावा लागतो. अमेरिकेत कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर हेच बघितलं होतं, २०१२ मध्ये ते छापून आलं. काही अक्षरं मुलांनी स्वतः काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली, आणि नंतर मेंदूचा स्कॅन करताना तीच अक्षरं त्यांना दाखवली. वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो स्वतः काढलेल्या अक्षरांना बघून जागा झाला, गिरवलेल्या आणि दाबलेल्या अक्षरांना तसा नाही. मुलं थोडी होती हे खरं, पण कारण पटण्यासारखं आहे. मूल स्वतः काढतं तेव्हा दहा वेळा दहा प्रकारचा वेडावाकडा 'भ' निघतो, आणि त्या दहातलं समान काय ते त्याला समजायला लागतं. त्याआधी २००५ मध्ये फ्रान्समध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही, हाताने अक्षरं शिकलेली त्यातली मोठी मुलं कीबोर्डवर शिकलेल्यांपेक्षा अक्षर चांगलं ओळखत होती.

आता आपली पंचाईत अशी की आपली तर परंपराच गिरवायची. कित्ता गिरवा, श्रीगणेशा गिरवा. पण आपल्याकडे कित्ता नंतर काढून घ्यायचे हो, चार ओळी गिरवून पाचवी स्वतःची, ते अॅपमध्ये राहून गेलं. आणि देवनागरी या बाबतीत जरा छळवादी लिपी आहे. म-भ, घ-ध, थ-य, ब-व, या जोड्यांमध्ये एक गाठ, एक पोट, किंवा शिरोरेषेत सोडलेली एवढीशी फट, एवढाच फरक. डोळ्याला तो निसटतो, हाताला निसटत नाही कारण गाठ मारायला हात वळवावाच लागतो.

अजून एक बारीक गोष्ट तिच्या आईला कळवा. बऱ्याच फोन-टॅबवर हिंदी वळणाचा, दंडाचा ल दिसतो. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, २०२२ च्या शासन निर्णयातसुद्धा तसंच धरलंय. तेव्हा नातीचा ल तुमच्या ल पेक्षा वेगळा आला तर ती चुकत नाहीये, तिने तसाच बघितलाय.

उपाय तुमच्याकडेच आहे. व्हिडिओ कॉलवर रोज एक अक्षर, तुम्ही पाटीवर काढायचं, दाखवायचं आणि लगेच पुसायचं, मग तिने काढायचं. पाटी तिकडे नसेल तर ताटात रवा पसरा, पूर्वीची धूळपाटी म्हणजे दुसरं काय होतं. टॅब फेकायला सांगू नका, लेक चिडेल, आणि गोष्टी ऐकायला तो छान आहे.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे): अडीच वर्षं तयारी करतोय. सगळ्या नोट्स लॅपटॉपवर, विषयवार फोल्डर, सर्चला एकदम मस्त. आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली आणि आन्सर रायटिंग सुरू केलं तर अर्ध्या तासात हात भरून येतो, अक्षर वाकडं होतं आणि वेळ संपतो. सगळ्या नोट्स परत हाताने काढू का? मित्र तसंच करतोय.

उत्तर: नको रे बाबा! अडीच वर्षांच्या नोट्स परत उतरवायला सहा महिने जातील आणि तुझा मित्र सहा महिन्यांनी तुझ्याइतकाच घाबरलेला असेल, फक्त त्याच्याकडे वह्यांचा गठ्ठा असेल.

एमपीएससीने वर्णनात्मक पॅटर्न आणायचं ठरवलं तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती आणि मग तो २०२५ वर ढकलला गेला, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्या आंदोलनात अभ्यासक्रमाबद्दल खूप बोललं गेलं, हाताबद्दल कोणी बोललं नाही. जरा हिशोब कर. नवा पॅटर्न यूपीएससीच्याच धर्तीवर आहे, आणि यूपीएससीचा जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) एक पेपर ३ तासांचा, २० प्रश्न, १० प्रश्नांना १५० शब्द आणि १० प्रश्नांना २५० शब्द. म्हणजे ४००० शब्द, १८० मिनिटांत. मिनिटाला २२ शब्द, ते पण न थांबता, न विचार करता, पाणी न पिता. मराठीत विभक्त्या शब्दाला चिकटतात म्हणून शब्द कमी होतात पण अक्षरं काही कमी होत नाहीत, "महाराष्ट्रातल्यासुद्धा" हा एकच शब्द धरला तरी हाताला तो लिहावाच लागतो. हे ज्याने दोन-अडीच वर्षं सही सोडून काही लिहिलं नाही त्याला जमणार कसं. हा अभ्यासाचा प्रश्नच नाही, व्यायामाचा आहे.

नोट्स टाइपच राहू देत. चालू घडामोडी, अर्थसंकल्पाचे आकडे, योजना, निकाल हे सारखं बदलतं, वहीत खाडाखोड होते, लॅपटॉपवर एका मिनिटात दुरुस्त होतं, तिथे लॅपटॉपच भारी. उत्तर मात्र हाताने, आणि कोऱ्या आठवणीतून. आज एक उत्तर, ९ मिनिटं लावून. आठवड्याने सलग दोन. मग पाच. एकदम पहिल्याच दिवशी तीन तासांचा पेपर लावून मनगट धरून बसू नकोस. पेन इतकं घट्ट दाबतोस का की मागच्या पानावर बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात? तसं असेल तर आधी ते सोडव. आणि अभ्यासिकेतलं टेबल आणि परीक्षेचा बाक यांची उंची सारखी नसते, मधूनमधून साध्या बाकावर बसून लिहून बघ.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगतेच. फोनवर मराठी लिहिताना तू दोन अक्षरं दाबतोस आणि वरच्या पट्टीतला शब्द उचलतोस. 'महत्त्व' मध्ये दोन त आहेत हे फोनला माहिती असतं, तुला असतंच असं नाही. कागदावर ती पट्टी नसते. माझ्या ओळखीतली एक मुलगी, अत्यंत हुशार, टेस्ट सिरीजच्या पेपरात "तत्त्व" ला येऊन थांबली आणि एक मिनिट विचार करत बसली, मग वैतागून तिने वाक्यच बदललं! हे तिने मला हसत हसत सांगितलं, पण मिनिट गेलं ते गेलंच. तुझ्या विषयात सारखे येणारे शंभरेक शब्द काढ, सार्वभौम, धोरणात्मक, विकेंद्रीकरण असले, आणि घरातल्या कोणाला तरी घालायला सांग. श्रुतलेखन, हो, चौथीतल्यासारखं. लाज वाटली तर दार लावून घ्या.

प्रश्न (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, लातूर जिल्हा): आठवीची मुलं हल्ली कधी कधी घरचा फोन आणतात आणि फळ्याचा फोटो काढून मोकळी होतात. बंदी घालावी का? पालक म्हणतात सोय आहे.

उत्तर: गुरुजी, बंदी घालायचीच तर पूर्ण फोटोवर घाला, एका कोपऱ्याच्या फोटोवर नको. हे कोडं वाटेल म्हणून सांगते. लिंडा हेंकेल नावाच्या संशोधिकेने २०१४ मध्ये मुलांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघा, काहींचे फोटो काढा असं सांगून. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्याने घेतलंय ना, मग डोक्याने सुट्टी घेतली. पण ज्या वस्तूचा एखादाच भाग झूम करून काढला होता ती मात्र चांगली आठवली, कारण कुठला भाग काढायचा हे बघायला तरी लागलं. तर मुलांना सांगा, फळ्यावरचं तुला जे समजलं नाही तेवढ्याचाच फोटो काढ आणि उद्या तो दाखवून मला प्रश्न विचार. बघा, फोटो आपोआप कमी होतात की नाही.

सोयीबद्दल बोलायचं तर असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची मुलं धरली होती. त्यातल्या ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. या वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारी ५७ टक्के आणि सोशल मीडिया वापरला म्हणणारी ७६ टक्के. पालकसभेत हे आकडे सांगायला हरकत नाही, पण आवाज चढवून नको, कारण अर्ध्या पालकांच्या हातात तेव्हाही फोनच असणार.

प्रश्न (तिघांचा एकच): स्वीडनने शाळेतले टॅब फेकून दिले आणि नॉर्वेत सिद्ध झालं की हाताने लिहिल्यावर मेंदू दुप्पट चालतो असा मेसेज फिरतोय. खरा का?

उत्तर: निम्मा. स्वीडनने फेकले काही नाहीत, पण २०२३ मध्ये तिथल्या शाळामंत्री लोटा एडहोल्म यांनी छापील पुस्तकं आणि हाताने लिहिणं परत आणायचं धोरण लावलं, पुस्तकांसाठी वेगळा पैसा दिला, आणि अगदी लहान मुलांच्या बालशाळांत डिजिटल साधनं सक्तीची होती ती सक्ती काढायचं ठरवलं. नॉर्वेचं संशोधन तिथल्या ट्रॉन्हेम शहरातलं, २०२४ मध्ये आलेलं, त्यात ३६ कॉलेजविद्यार्थ्यांच्या डोक्याला सेन्सरची जाळी लावली होती आणि लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत जोडणी जास्त दिसली हे खरं. पण दुप्पट कुठे म्हटलेलं नाही. शिवाय टाइप करणारे एकाच बोटाने करत होते, आणि त्यांना नंतर काय आठवलं हे तर मोजलेलंच नाही. आणि मेसेज पाठवणाऱ्याला हे जरूर सांगा, ती मुलं कागदावर नाही तर डिजिटल पेनाने स्क्रीनवरच लिहीत होती.

प्रश्न (एक वडील, ठाणे): मुलगी पाचवीत. तोंडी सगळं येतं, गोष्टी इतक्या छान सांगते, पण लिहायला बसली की रडते. अक्षर वाचता येत नाही, अर्धी काना-वेलांटी गायब. शाळेतून सारखं "दहा वेळा लिहून आणणे" येतं. टॅबवर मात्र पटापट टाइप करते. हाताने लिहायची सवय व्हावी म्हणून टॅब काढून घेतलाय. योग्य केलं ना?

उत्तर: नाही हो दादा, आज संध्याकाळी परत द्या.

वर मी हाताने लिहिण्याचं एवढं कौतुक केलंय ते तुमच्या मुलीला लागू होईलच असं नाही. तोंडी आणि लेखी यात एवढी मोठी दरी, रडणं, अक्षरं सुटणं, हे आळसाचं लक्षण नसतं, लेखन-अक्षमता असू शकते, डिसग्राफिया म्हणतात ती. असेलच असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण तपासणी करून घ्या. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढचं. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये अशी तपासणी होते आणि प्रमाणपत्रही मिळतं, तुम्हाला ठाण्याहून जवळच आहे. गर्दी असते, फाईल आणि डबा दोन्ही घेऊन जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळायची सोय नियमात आहे. बाकीच्यांसाठी टॅब ही सोय असेल, तिच्यासाठी चष्म्यासारखा असू शकतो.

दहा वेळा लिहिण्याबद्दल शाळेत जाऊन बोला, भांडायला नको, वर्गशिक्षकांना तिची गोष्ट तोंडी ऐकायला सांगा एकदा. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका मुलाला असंच सारखं लिहायला लावायचे. त्याची वही अजून डोळ्यांसमोर आहे, पहिल्या ओळीत शब्द जेमतेम वाचता यायचा आणि दहाव्या ओळीपर्यंत त्याची नुसती रेघ झालेली असायची. मला तेव्हा तो उद्धटपणा वाटायचा.

प्रश्न (दहावीची विद्यार्थिनी, चिपळूण): मॅडम, बोर्डाला जेल पेन चांगलं की बॉल पेन? आणि नवीन पेन घेऊ का?

उत्तर: ज्याने वर्षभर लिहिलंस ते. जेलचं अक्षर छान दिसतं पण हात घामेजला की फासतं, आणि रिफील लवकर संपते. नवीन घ्यायचंच तर आठवडाभर आधी घे आणि दोन-तीन पुरवण्या त्याच्याने लिहून काढ. तसलंच अजून एक जवळ ठेव. आणि मागच्या बाकावरची पेन मागायला लागली तर ते दुसरं दे, सरावाचं देऊ नकोस.